चार काठ्या

गेल्या आठवड्यात रात्री जेवणं आटोपली आणि नातीचा फोन आला. व्हिडिओवाला. ती पुण्याला असते, यंदा पाचवीत आहे, इंग्रजी माध्यमात. "आजी, तुला रोमन नंबर्स येतात का?" म्हणाली. मी म्हटलं, "अगं, चौतीस वर्षं शाळेत काढली मी. विचार काय विचारायचं ते." मग तिने माझं जन्मसाल विचारलं. १९५०. मी हवेत बोटाने लिहून दाखवलं: एम, सी एम, एल. तिचं २०१५ चं. एम एम, एक्स, व्ही. दोघींचीही चारच अक्षरं निघाली, त्यावर तिला भारी आनंद झाला.

आणि मग ती एकदम थांबली. डोळे बारीक करून माझ्या मागे बघायला लागली. "आजी, तुझ्या मागचं घड्याळ चुकलंय. त्यांनी चार राँग लिहिलाय."

मंडळी, माझ्या मागे भिंतीवर माहेरचं जुनं लंबकाचं घड्याळ आहे. त्याच्यावर चारच्या जागी चार काठ्या आहेत. ते मला माहीत होतं. किती वर्षांपासून माहीत होतं, ते आज सांगायचं आहे.

पुढे जाण्याआधी एक. इथे मी देवनागरीशिवाय काही लिहीत नाही, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. तेव्हा या आकड्यांची नावंच लिहिणार. काठी म्हणजे एक (आय म्हणा), व्ही पाच, फुली म्हणजे एक्स दहा, एल पन्नास, सी शंभर, डी पाचशे, एम हजार. समजायला जड गेलं तर कागद-पेन्सिल घ्या, लाज कसली!

मी हे आकडे शिकले ते शाळेत नव्हे, आमच्या वाड्यातल्या सोप्यावर. हेच घड्याळ तेव्हा तिथे टांगलेलं असे. आजी चुलीपाशी, आणि मी जेमतेम पाच वर्षांची. आतून हाक यायची, "घड्याळात बघून ये गं!" मला वाचता कुठे येत होतं? मी धावत जायची, बघायची आणि धावत येऊन जे दिसलं ते सांगायची. "लहान काटा फुली आणि काठीपाशी, मोठा काटा वर दोन काठ्यांच्या फुलीवर." आजी म्हणायची, "अकरा वाजले. उठवा आजोबांना, जेवायचं झालं." खालच्या अंगाचे आकडे या घड्याळावर उलटे आहेत, कारण सगळ्यांचे पाय मधल्या खिळ्याकडे. त्यामुळे व्ही तिथे तंबूसारखा दिसतो. सहा म्हणजे माझ्या भाषेत "काठी आणि तंबू". आजीला ते बरोबर कळत असे. इंग्रजी अक्षरं मला नंतर कितीतरी वर्षांनी आली, त्यातली तीन मात्र अशी आधीच येऊन बसली होती.

पाचवीत गुरुजींनी मग त्याला नियम लावले. एक, दहा, शंभर यांचं चिन्ह तीनदा लागोपाठ चालेल, चौथ्यांदा नाही. व्ही, एल, डी दोनदा लिहायचे नाहीत. लहान चिन्ह मोठ्याच्या नंतर आलं तर मिळवा, आधी आलं तर वजा करा. वजा करतानाही शिस्त आहे: काठी फक्त व्ही आणि एक्सच्या आधी, एक्स फक्त एल आणि सीच्या आधी, सी फक्त डी आणि एमच्या आधी. म्हणून ९९ लिहिताना शंभरच्या आधी एक काठी लावून मोकळं होता येत नाही, आधी नव्वद, मग नऊ. मला नियम आवडायचे. नियम असला की बरोबर आणि चूक यांच्यात रेघ पडते आणि आपण कुठल्या बाजूला ते कळतं.

असो. बी.ए. केलं मराठी घेऊन आणि १९७४ साली सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत लागले ती मराठी शिकवायलाच. दहा वर्षं सुखाची गेली. १९८४ च्या जूनमध्ये गणिताचे एक सर सोडून गेले आणि वेळापत्रकात पाचवीचं गणित माझ्या नावावर पडलं. हेडसर म्हणाले, "पाचवीचं तर आहे बाई, त्यात काय!" त्यात काय ते मलाच ठाऊक होतं. मी रोज रात्री उद्याची उदाहरणं सोडवून, मागची उत्तरं ताडून बघून मग झोपायची. वर्गात कुणी वेगळी रीत विचारली की पोटात गोळा यायचा. बाईंना गणित येत नाही हे मुलांना कळेल, ही भीती.

रोमन अंकांचा धडा आला तेव्हा मात्र मी खूश होते. तो माझ्या हातचा होता. शिवाय मला एक युक्ती सापडली होती, तीही मराठीतली. मुलांना विचारलं, "एकोणीस म्हणजे काय रे?" कुणाला सांगता येईना. मग फोड करून दाखवली: एक ऊन वीस, वीसला एक उणा. एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत आपण उणेच मोजतो. फक्त नव्व्याण्णवला तो रिवाज मोडतो. मग फुलीच्या आधी एक काठी म्हणजे दहाला एक उणा, यात नवल ते काय? मागच्या बाकावरून एक कार्टं ओरडलं, "बाई, पावणेदोन!" बरोबर होतं की! दोनला पाव उणा. वर्गात अशी मजा आली त्या दिवशी की गणिताच्या तासाची घंटा मला लवकर झाल्यासारखी वाटली. (लॅटिनमध्येही एकोणीसला वीसात एक कमी असंच म्हणत, आणि अठराला वीसात दोन कमी. हे मला निवृत्तीनंतर कळलं, नाहीतर त्या दिवशी माझी आणखी कॉलर ताठ झाली असती.)

दोन दिवसांनी दहा मार्कांची चाचणी घेतली. त्यात एका मुलाने चारसाठी चार काठ्या लिहिल्या. चौदासाठी फुली आणि चार काठ्या. नऊ मात्र बरोबर, फुलीच्या आधी काठी. मी दोन्हींवर लाल फुली मारली. ती काही दहाची नव्हे.

पेपर वाटले तसा तो टेबलापाशी आला. बारीकसा, केसांना तेल चोपडलेला. "बाई, हे बरोबर आहे."

मी म्हटलं, "पुस्तकात काय दिलंय? तीनपेक्षा जास्त काठ्या नाहीत."

"पण बाई, आमच्या दुकानात घड्याळांवर असंच असतं. शाळेच्या घड्याळावर पण."

त्याचे वडील गावातले घड्याळजी. एस.टी. स्टँडच्या रस्त्याला टपरीएवढं दुकान, डोळ्याला भिंग लावून बसलेले असायचे.

आता तुम्ही म्हणाल, बाईंनी म्हणावं, चल, बघून येऊ. हेडसरांच्या खोलीत घड्याळ होतं, वर्गापासून पंचवीस पावलांवर. मला तेव्हा ते सुचलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. सुचलं होतं. पण साठ मुलं बघत होती आणि विषय गणिताचा होता. मी म्हणाले, "घड्याळजीच्या पोराने घड्याळं बघावीत. गणित मी शिकवते."

वर्ग हसला. मुलांना काय, बाईंनी कुणाला बोललं की हसायचंच असतं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वर मी त्याला आय-व्ही शंभर वेळा लिहून आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने आणलं. रेघा आखून, दहा ओळी, एका ओळीत दहा. मी खाली सही केली.

त्याच संध्याकाळी, म्हणजे शिक्षा दिली त्या दिवशी, मस्टरवर सही करायला मी हेडसरांच्या खोलीत गेले. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. एवढं नेमकं आठवतं, कारण मी घड्याळाकडे मान वर करून बघितलं. चार काठ्या होत्या. मी सही केली, पिशवी उचलली आणि घरी गेले.

घरी जाऊन माहेरच्या या घड्याळाची आठवण केली. तेही तसंच असणार, हे लक्षात आलं. मी लहानपणापासून त्याच्यावर वेळ बघत होते आणि चारकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. तुम्हीही करून बघा. घरात किंवा नात्यात कुठे रोमन आकड्यांचं घड्याळ असेल तर त्याच्याकडे न बघता तबकडी कागदावर काढा. मी हा प्रयोग हळदीकुंकवाला आलेल्या बायकांवर केला आहे, झाडून सगळ्यांनी आय-व्ही काढला. शाळेतला नियम डोळ्यांच्या आड येतो. पण त्या दिवसानंतर ही सबब माझ्यापुरती संपली होती. मी पाहिलं होतं.

मग मनाची समजूत घातली. घड्याळं बनवणाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी चूक केली असेल, पुस्तक काही चुकणार नाही. परीक्षेत पुस्तकातलंच लिहावं लागतं, म्हणजे मी त्याचं भलंच केलं. शिक्षकाला अशी वाक्यं फार लवकर सुचतात.

शाळेचं घड्याळ त्याचे वडीलच बघायचे. महिन्यातून एकदा येऊन तेलपाणी करून जायचे. पुढच्या खेपेला व्हरांड्यात भेटले. हात जोडले, "नमस्कार बाई. पोरगं लक्ष देतं ना?" मी म्हटलं, "हुशार आहे." ते खूश होऊन गेले. त्याने घरी काही सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी जानेवारीत सहल मुंबईला गेली. राणीची बाग, म्हातारीचा बूट, मत्स्यालय, आणि शेवटी गेटवे. गेटवेवर वरती इंग्रजीत कोरलेला मजकूर आहे. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबरला भारतात उतरले त्याच्या स्मरणार्थ, असा. तारीख अक्षरात आहे आणि साल रोमन आकड्यांत: एम, सी एम, एक्स आय. मी मुलांना गोळा केलं. धडा तर झालाच होता, म्हटलं, सांगा बघू कुठलं साल? एक म्हणाला दोन हजार शंभर अकरा. दुसरा म्हणाला अकराशे. एमच्या आधीचा सी सगळ्यांना आडवा येत होता. माझी नजर त्या मुलाकडे गेली. तो वर बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. हजार, नऊशे, अकरा. मला स्पष्ट दिसलं. मी विचारलं, "कुणाला येतंय? हात वर करा." त्याने हात वर केला नाही. मी त्याचं नाव घेऊन विचारू शकले असते. शेवटी मीच सांगितलं, एकोणीसशे अकरा. मुलं लाँचकडे पळाली.

पुढच्या वर्षी गणिताला नवीन सर आले आणि मी माझ्या मराठीकडे परतले. तो मुलगा वर्षं चढत दहावी होऊन गेला. माझ्याशी कधी उद्धट वागला नाही. माझ्या तासाला हातही वर केला नाही कधी.

आता रोमकडे येते. गेल्या दिवाळीत माझा भाचा युरोपात फिरायला गेला होता. रोमच्या त्या मोठ्या गोल रंगमंडलाचे, कोलोसियमचे, फोटो त्याने घरच्या ग्रुपवर टाकले. त्याच्या बाहेरच्या कमानींवर आकडे कोरलेले आहेत, प्रेक्षकांना आपापलं दार सापडावं म्हणून. आपल्या थिएटरात तिकिटावर दार लिहिलेलं असे, तसंच. मी एकेक फोटो मोठा करून बघत बसले. चव्वेचाळिसाव्या दारावर काय असावं? एक्स-एल, आणि पुढे चार काठ्या. चाळीस लिहिताना पन्नासातून दहा वजा केले आणि लगेच शेजारी चार लिहिताना सरळ काठ्या ओढल्या. एकाच आकड्यात दोन्ही रीती!

मग मला झोप लागेना. वाचत गेले तसं कळलं की तीनदाच लिहावं हा कडक नियम रोमनांचा नव्हेच. तो फार नंतर पक्का झाला. त्यांच्याकडे दोन्ही चालत. जर्मनीत बॉनच्या संग्रहालयात इसवी सन ९ मधल्या लढाईत मेलेल्या एका रोमन सैनिकाचा स्मृतिशिला आहे, त्यावर त्याच्या अठराव्या पलटणीचा आकडा फुली, दोन काठ्या, फुली असा आहे. वीसला दोन उणे! माझ्या वर्गात त्या पाथरवटाला भोपळा मिळाला असता. रोमनांनी माझ्याकडे चाचणी दिली असती तर निम्मे नापास झाले असते, हे मला त्या रात्री कळलं आणि हसूही आलं, आणि दुसरंही काही आलं.

घड्याळांवर चार काठ्या का टिकल्या याची उत्तरं जाणकार निरनिराळी देतात. खालचे आकडे उलटे असल्याने चार आणि सहा यांत गल्लत होऊ नये म्हणून, हे एक. समोरच्या आठाला चार चिन्हं लागतात, त्याला तोलून धरायला इकडेही चार हवीत, हे दुसरं. मला आवडलेलं तिसरं: पहिल्या चार आकड्यांत नुसत्या काठ्या, पुढच्या चारांत व्ही येतो, शेवटच्या चारांत फुली. तबकडीचे सरळ तीन भाग पडतात. मोजून बघा, एकूण वीस काठ्या, चार व्ही, चार फुल्या. अर्थात सगळीच घड्याळं तशी नाहीत. लंडनच्या पार्लमेंटवरच्या प्रसिद्ध घड्याळावर आय-व्हीच आहे. म्हणजे माझंही चूक नव्हतं. पण त्याचंही नव्हतं, आणि त्याने ते डोळ्याने पाहून सांगितलं होतं. मी पुस्तकाच्या मागच्या पानावर पाहून.

या आकड्यांचा उपयोग तरी काय, असं माझे यजमान नेहमी म्हणायचे. ३८ गुणिले २४ करून बघा या अक्षरांत, वेड लागेल. शून्य नाही, स्थान नाही. शेवटी आपलेच अंक अरबांच्या मार्गाने तिकडे गेले तेव्हा त्यांचे हिशेब सुटले. खरं आहे. तरी हे काठी-फुलीचं लिहिणं मरत नाही. अमेरिकेतल्या पुतण्याचा मुलगा तर त्यांच्या फुटबॉलच्या सुपर बोल सामन्यामुळे रोमन आकडे शिकला, त्याला दरवर्षीचा नंबर रोमनमध्ये असतो. २०१६ साली पन्नासावा होता तेव्हा नुसता एल बरा दिसेना म्हणून त्यांनी तेवढ्यापुरता साधा ५० लिहिला. सोयीपुढे नियम वाकवतात ते असे. आम्हीच तेवढे ताठ.

तर नातीला काय सांगितलं? ती म्हणाली होती घड्याळ चुकलंय. मी फोन घड्याळाजवळ नेला आणि तिला आठपर्यंत एकेक आकडा वाचायला लावला, उलट्या तंबूंसकट. मग कोलोसियमचं दार पाठवलं. ती म्हणाली, "मग टीचरला सांगू का?" मी म्हटलं, "सांग. फोटो दाखव. परीक्षेत मात्र त्यांनी शिकवलंय तसं लिही." "आणि टीचर रागावल्या तर?" याला मला लगेच उत्तर देता आलं नाही. "तर मला सांग," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एस.टी. पकडून त्या गावी गेले. मुलाने विचारलं कशाला, मी सांगितलं जुन्या मैत्रिणीकडे. स्टँडचा रस्ता रुंद झाला आहे. टपरीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे, कव्हरं आणि काचा लावतात. तिथल्या पोराला काही माहीत नव्हतं, पण शेजारच्या किराणावाल्याने ओळखलं. घड्याळजी कधीच गेले. पोरगा पिंपरीला असतो, कंपनीत आहे, वर्षातून एकदा गावच्या यात्रेला येतो. त्याने आपल्या फोनमधून नंबर शोधून दिला. "बाई, काय काम होतं?" म्हणाला. मी म्हटलं, "विद्यार्थी होता माझा."

नंबर डायरीत लिहून आणला आहे. आज चौथा दिवस. फोन करून काय म्हणायचं तेच जुळत नाही. नमस्कार, मी तुझी पाचवीची बाई, इथपर्यंत येते आणि थांबते. त्याला आठवत नसेल तर उगाच कशाला, आणि आठवत असेल तर... उद्या रविवार आहे, कंपनीला सुट्टी असेल. सकाळी घड्याळाला चावी द्यायची असते, ती दिली की करते.